उजवीकडे सरकणारा पट्टा

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी, म्हणजे एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास, आमच्या घरी लाकूड कापायचं यंत्र आलं. साक्रीच्या अलीकडे रस्त्याला लागूनच आमचं शेत. पाण्याचा भरवसा नव्हता म्हणून ह्यांनी धुळ्याच्या एका कारखान्यातून जुनं यंत्र आणलं आणि शेताच्या कडेला पत्र्याची शेड उभी केली. दोन मोठी चाकं, एक खाली, एक वर, आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी दातांचा लांब पट्टा. हे आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकलेले होते, त्यामुळे यंत्राचं सगळं हेच बघत. पट्ट्याला धार लावायचं काम मात्र माझ्याकडे आलं. ह्यांचा हात जड, कानस दाबून धरायचे. माझा हात हलका होता.

सुरुवातीला ठीक चाललं. मग पट्टा सरळ जाईनासा झाला. लाकूड आखलेल्या रेषेवर ढकलावं तर काप हळूहळू उजवीकडे सरके. लहान कामात ते खपून जाई. पण तुळई उभी धरून तिच्या पातळ फळ्या काढायला गेलं की फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला कागदासारखी निघायची.

त्याच सुमारास डोंगराकडच्या एका पाड्यावरचे म्हातारे बाबा बैलगाडीतून दोन सागवानी तुळया घेऊन आले. त्यांचं जुनं घर उतरवलं होतं, त्यातल्या त्या. नव्या घराच्या दारांसाठी फळ्या हव्या होत्या. पहिली तुळई कापली आणि तिच्या निम्म्या फळ्या वाया गेल्या. एक वाकडी फळी हातात घेऊन बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दुसरी राहू द्या. मी येईन परत."

ते गेल्यावर आबा, म्हणजे माझे सासरे, ह्यांना म्हणाले, "बठ्ठं लाकूड वाया जाई असं. मशीन इकी टाक."

यंत्र विकून टाकायचं ते बोलणं ह्यांना लागलं. पुढचे दोन दिवस ह्यांनी यंत्र खोललं. पट्ट्याचा ताण वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, ते दोरी लावून तपासलं. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी धरणारे ठोकळे नवे बसवले. लाकूड टेकवायची आडवी पट्टी जराशी तिरकी करून पाहिली, तेव्हा काप थोडा सुधारला, पण लाकूड बदललं की पुन्हा तेच. शेवटी धुळ्याहून नवा पट्टा आणला. तो सुतासारखा सरळ चालला. हे इतके खूश झाले की आबांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

चार दिवसांनी पट्टा बोथट झाला. मी धार लावली. आणि तो उजवीकडे जायला लागला.

हे पुन्हा चाकांकडे वळले. मी मात्र तिथेच बसून राहिले. नवा पट्टा सरळ चालत होता. मधे फक्त एकच गोष्ट घडली होती, ती म्हणजे माझा हात. इतके दिवस हे यंत्राला दोष देत होते आणि आबा ह्यांना.

मी पट्टा उतरवून घेतला, शिकंज्यात धरला आणि उजेडाकडे तोंड करून एकेक दात बघितला. पट्ट्याचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे झुकवलेले असतात, दोन्ही बाजूंनी सारखं कापावं म्हणून. मी नेहमी एकाच बाजूला बसून धार लावायची. माझ्याकडे झुकलेल्या दाताला कानस भरून बसे, पलीकडे झुकलेल्या दाताला नुसती घासून जाई. माझ्या बाजूचे दात नखाला चिकटत होते, पलीकडचे सरळ निसटत होते. यंत्रावर चढवल्यावर माझ्या बाजूचे दात उजवीकडे येत. धारदार बाजू पट्ट्याला आपल्याकडे ओढत होती.

"अहो, यंत्राचं काही नाही," मी ह्यांना म्हणाले. "माझी धार एका अंगाची आहे."

ह्यांनी दातांवरून नख फिरवलं. "इतके दिवस मी काय बघत होतो?" एवढंच म्हणाले.

मग मी पद्धत बदलली. आधी एकाआड एक दात, प्रत्येकाला कानशीचे मोजून तीन हात. मग पट्टा फिरवून दुसऱ्या बाजूने उरलेले दात, तेवढेच तीन. सगळी दुपार त्यातच गेली, पाठ भरून आली. एका जाड फळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि ह्यांना म्हटलं, कशाला न टेकवता, नुसत्या हाताने ढकला. पट्टा रेघेवरून हलला नाही.

बाबांना निरोप धाडला. ते आले. दुसरी तुळई ह्यांनी मला यंत्राला लावायला सांगितली. "धार तुझी, काप पण तूच घे," म्हणाले. फळ्या एकीवर एक रचल्या तेव्हा त्यांच्यात कुठे फट दिसेना. बाबांनी रास वाकून दोन्हीकडून पाहिली आणि पहिल्या तुळईबद्दल त्यांच्या मनात जे काही असेल ते तिथेच सोडून दिलं. मी त्यांना खरं सांगितलं, की ती माझ्यामुळे बिघडली होती. ते हसले. "मंग आते शिकनी ना तू," म्हणाले.

पुढे आसपासच्या सुतारांचे पट्टे माझ्याकडे यायला लागले. एकदा पिंपळनेरकडचा एक सुतार खांद्यावर पट्ट्याचं वेटोळं घेऊन आला आणि ओट्यावर बसलेल्या आबांना विचारू लागला, "इथं धार लावणारे भाऊ कोण?"

मी आत पीठ मळत होते. आबांनी त्याला बसायला घोंगडी सरकवली आणि म्हणाले, "भाऊ नई. मनी सून लावस धार. बस, येई ती."

मी पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी आले. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पण आवाज जरा मोठाच लावला होता त्यांनी.