आजीच्या पानांवरचे ठिपके

"मॅग्नेशियम कमी पडलंय," क्रेग म्हणाला. मी पानांवर वाकले. पानांवर सुईच्या टोकाएवढे पिवळट ठिपके होते आणि ते मला अजिबात आवडले नव्हते.

इथे परदेशात, शहराच्या कडेच्या हॉर्नबी उपनगराच्या पुढे आमचं ग्रीनहाउस होतं. औषधी गांजाच्या संशोधनाला तेव्हा नुकतं लायसन्स मिळू लागलं होतं. क्रेग मॅनेजर, मी प्लांट पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे झाडांची डॉक्टर. आणि हे झाड म्हणजे मदर प्लांट. याच्याच फांद्या कापून पुढची सगळी रोपं करायची होती. सगळे त्याला 'आजी' म्हणत. त्या वाणाचं एवढं एकच झाड. ते गेलं की वाण संपला.

आत गुलाबी दिवे, पंख्यांची घरघर, तो जड वास. मला तिथे नेहमी अर्धवट झोपेत चालल्यासारखं वाटे. त्या दिवशी मात्र खाडकन जाग आली. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली. कागदावर धूळ पडली आणि ती धूळ चालू लागली.

"लाल कोळी," मी म्हणाले. पानाच्या खालच्या बाजूने रस शोषणारी, उबदार कोरड्या हवेत भराभर वाढणारी कीड.

"स्प्रे करू."

"औषधात स्प्रेचा अंश सापडला तर लॅब पास करेल?"

"मग आजीला जाळू?" त्यानेच तिला बीपासून वाढवलं होतं. त्याचा आवाज चिरकला.

"थोडे दिवस दे मला."

वाईट पानं काढून पिशवीत बंद केली. मग बाटलीतून मित्रकीटक सोडले. हेही कोळीच, पण लाल कोळ्यांना खाणारे. त्यांना दमट हवा लागते आणि दमट हवेत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी येते. म्हणून सकाळी फवाऱ्याचं थोडं धुकं, नंतर दिवसभर पंखे. त्या धुक्यात आजी पाण्याखाली उभी असल्यासारखी हळूहळू डोलायची. भिंगातून बघता बघता माझा चहा गार व्हायचा.

लाल कोळी कमी होत आणि पुन्हा वाढत. नवे कुठून येतात तेच कळेना. क्रेग सगळ्यांना हात धुवायला लावून वैताग आणत होता. मीही जाम चिडले होते.

शहरात, रिकार्टनला माझ्या घरी आई होती, पुण्याहून राहायला आलेली. माझ्या नोकरीबद्दल शेजारी विचारत, तर "बागेत असते" एवढंच सांगायची. एका संध्याकाळी ती मी कामावरून आणलेली भाजी निवडत होती.

"कुणी गं दिल्या या शेंगा? पानं तशीच, वर कोळिष्टकं. तूच धू बाई."

मी भिंग आणलं. आमचेच कोळी!

इथे उन्हाळ्यात परसातली जास्तीची भाजी कामावर आणतात आणि स्मोकोच्या, म्हणजे चहाच्या सुट्टीच्या टेबलावर ठेवतात. कुणीही न्यावी. क्रेग रोज शेंगांचा खोका आणायचा. टेबलाला लागूनच आमचे ग्रीनहाउसमध्ये घालायचे कोट टांगलेले असत. शेंगांवरचे कोळी त्या कोटांवरून आत जात होते.

"माझ्या शेंगा?" दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं.

"तुझ्याच."

तो खोका घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "हीप्स, ढीगभर वाटल्या गं मी. सगळ्यांना."

कोट दुसरीकडे हलवले. मित्रकीटकांनी उरलेलं काम केलं. एका सकाळी धुक्यातून आजीची नवी पानं दिसली, एकही ठिपका नसलेली. क्रेग त्यांना हात न लावता नुसता बघत राहिला. मला रडू आलं.

शेंगा तो आता पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून वाटतो, तेही घरी जाताना. आणि कुठेही कीड शोधायला गेले की मी पानं नंतर बघते. आधी विचारते, इथे प्रेमाने कोण काय आणतं?