आजीच्या गाण्यात पुलानंतर काय?

आईची अंगाई आम्हाला फुकटची वाटायची. खरं तर त्यासाठी ती रोज स्वतःची दुपारची झोप मोडायची.

गाणं तिनंच रचलेलं. आधी माझ्यासाठी, मग माझ्या लेकीसाठी. त्यात लालबागचा मसाला, चिंचपोकळीचा पूल, सगळं यायचं. आई जाऊन महिना झाला.

आज दुपारी लेक म्हणाली, "बाबा, आजीचं गाणं म्हण ना!"

मिक्सर दुरुस्त करून दुकान उभं केलं मी. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो. ऐटीत म्हटलं, "एकदा ऐकलेलं तुझा बाप विसरत नाही!"

पुलापर्यंत आलो आणि अडकलो.

"पुढे काय गं?"

"मला काय माहीत? मी तिथेच झोपायचे!"

मंडळी, तुमच्या घरची अंगाई तुम्ही शेवटपर्यंत ऐकलीय का?

मीही पुलापाशीच झोपायचो.