राखेतल्या जगाची वेस

कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. तशी पाटीच होती दारावर. आत एसी, फरशीवर जाजम, आणि मधोमध टेबलावर तो ठोकळा. त्याच्यावर लोकरीचं विणलेलं झाकण, मोठ्या साहेबांच्या बायकोने स्वतः विणलेलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. बाहेर शेडमध्ये प्रेस मशीन दणदणत असायच्या आणि आत आम्ही अनवाणी, हळू आवाजात बोलत माल किती आला, किती गेला ते टाइप करायचो. आयुष्यात कुठल्या गाभाऱ्यात मला मानाने बोलावलं असेल तर ते याच खोलीत.

आम्ही म्हणजे मी आणि ती. तेव्हा वाळूजच्या माळावर दर महिन्याला नवी शेड उभी राहत होती, आणि कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यामुळे दोघींना लगेच घेतलं. ती मेंढरं राखणाऱ्या घरातली. वडील आणि भाऊ अजून कळप घेऊन फिरायचे, ती शहरातल्या छावणी भागात मामाकडे राहून शिकली होती. मी पडेगावची. म्हणजे मूळची नाही. मी लहान असताना विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि त्या रागात गावोगावी आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. त्यात आमचीही गेली. आई मला घेऊन शहरात आली ती परत गेली नाही. तिने याच कारखान्यांच्या शेडची पाटी-घमेली वाहिली, नामांतराच्या सत्याग्रहात हर्सूलच्या जेलमध्ये जाऊन आली, आणि मला मात्र सिमेंटला हात लावू दिला नाही.

मैत्रिणीचं आमच्याकडे येणं-जाणं होतं. सुट्टीच्या दिवशी यायची, आईच्या हातची येसराची आमटी भाकरी चुरून खायची आणि वर ताट चाटूनपुसून "मावशी, अजून हाय का?" विचारायची. आई खूश. फक्त एक होतं. मामाकडे ती सांगून यायची की शिवणक्लासला चाललेय. मला हे माहीत होतं आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे. आम्ही दोघी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. पण दर वेळी ती आमच्या दारातून बाहेर पडताना पिशवीतला कापडाचा तुकडा वर काढून ठेवायची, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

खेळ आणला मेकॅनिकने. कॉम्प्युटर दुरुस्त करायला शहागंजहून एक पोरगेला माणूस यायचा. एकदा त्याने दोन फ्लॉप्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "देखो, अच्छा गेम है. खेलो, मगर साब कू बोलो नक्को." त्या दिवसापासून आमची जेवणाची सुट्टी त्यात जायला लागली. डबे पाच मिनिटांत उरकायचे आणि आत पळायचं.

चित्रं फार नव्हती. काळ्या पडद्यावर पिवळ्या रेघा आणि खाली इंग्रजी वाक्यं. जग संपलेलं आहे, शहरं जळून गेलीत, उरलेली माणसं राखेतून वाट काढतायत. तुम्ही त्यातलेच एक. सुरुवातीलाच वचन दिलेलं होतं: हे जग तुमच्यासाठी मोकळं आहे, हवं तिथे जा, हव्या त्या माणसाशी बोला, हवं ते करा. मग नाव विचारलं. मी नाव टाइप केलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले. पुढचा प्रश्न आलाच नाही. आडनाव विचारलं नव्हतं.

हे कुणाला कळायचं नाही, ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही. नोकरीच्या मुलाखतीत "पूर्ण नाव?", भाड्याची खोली बघायला गेलं की "पूर्ण नाव?", कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेली बाई आधी आडनाव विचारणार, त्यावरून काही कळलं नाही तर गाव, गावावरून कळलं नाही तर "कुठल्या आळीतल्या?" आणि इथे सगळं जग जळून गेल्यावर कुणाला तरी अक्कल आली होती. मला तो खेळ लिहिणारा माणूस फार आवडला. त्या आठवड्यात मी त्या जगात इतकी फिरले की बसमध्ये डोळे मिटले तरी पिवळ्या रेघा दिसायच्या.

मग एकेक चिरा निखळायला लागला. एका पडक्या घरात मला बियाण्याची पिशवी सापडली. केवढा आनंद झाला. पण ते पेरायची सोयच नव्हती. पिशवी विकता येत होती, टाकून देता येत होती, पेरता येत नव्हती. शाळा होती, तिचं दार नुसतंच रेघांचं. विहीर होती, पण पाणी काढायला कुणी आलेलं दिसायचं नाही. आणि इतक्या मोठ्या जळक्या जगात कुणी चूल पेटवत नव्हतं. राखेचं जग मला नवीन नव्हतं. आमची वस्ती जळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तीन काळे पडलेले दगड मांडले, कुणाकडून तरी पीठ आणलं आणि भाकरी थापली. शेजारची म्हातारी काय उरलंय ते शोधत राख चाळत होती, आई तिला म्हणाली, "आधी खाऊन घे." जग संपल्यावर पहिलं काम हे असतं. या खेळातल्या लोकांना बंदुका कुठे मिळतील ते ठाऊक होतं, पीठ कुठे मिळेल ते नाही.

तरी मी खेळत राहिले, कारण पुढे एक मोठं गाव होतं आणि सगळ्या वाटा तिकडे जात होत्या. गावाला तट होता, तटाला वेस होती, आत पाणी होतं. आणि वेशीबाहेर माणसं बसलेली होती. वाक्य आलं की हे म्यूटंट आहेत, विषारी राखेत जन्मलेले, अंगाने बिघडलेले, यांना आत घेत नाहीत. मी म्हटलं, आता खरा खेळ सुरू. यांच्याशी बोलायचं, वेशीवरच्या पहारेकऱ्याशी भांडायचं, दार उघडायचं. मी बटणं दाबून पाहिली. दोनच पर्याय होते. गोळी घाला, नाहीतर माघारी फिरा.

"घाल की गोळी," मैत्रीण म्हणाली. "लई पुढं जायचंय अजून."

"मी नाही घालणार."

"अगं, खरे हायेत का ते? ठिपके हायेत."

तिने मला बाजूला सारलं, बटण दाबलं. ठिपके गेले, वेस उघडली. तिला आत दुकान सापडलं, चिलखत सापडलं, ती पार खूश. मी उठून गेले. सगळं जग जाळून टाकलं, नकाशा पुसून टाकला, देव-धर्म-सरकार काही शिल्लक ठेवलं नाही, आणि तरी खेळ लिहिणाऱ्या त्या माणसाने वेस मात्र जपून ठेवली. वेशीबाहेरची वस्तीही ठेवली. मग कशाला जाळायचं होतं एवढं जग? मला आजही त्याचा राग येतो. वाईट खेळ असता तर राग आला नसता. एवढं मोठं मैदान हातात असून हा माणूस जुन्याच जागी येऊन बसला.

मी रोज आपला डाव उघडायचे, वेशीपर्यंत जायचे आणि गोळी न घालता माघारी फिरायचे. मैत्रीण हसायची. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माघारी फिरून जाती कुठं?"

"रस्ताच नाही गं दुसरा."

"मंग परत जा तिथंच. बसून ऱ्हा त्यांच्यात."

हेच ती जेलमधून आल्यावर बोलली होती. किती दिवस असं सत्याग्रहाला बसणार, असं कुणीतरी विचारलं होतं तेव्हा.

त्याच हिवाळ्यात सरकारने विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर केला. शहरात बंदोबस्त, वाळूजच्या बस बंद, कंपनीला सुट्टी. जुनं नाव काढलं नव्हतं, आम्ही मागितलेलं नाव त्याला जोडलं होतं. आईने रेडिओवर ऐकलं आणि भांडी घासता घासता विचारलं, "जोडलं म्हनं?"

"हो."

"बदललं नाय."

"नाही."

तिने पातेलं असं आपटलं की शेजारीण डोकावली. मग हात धुतले, पांढरं लुगडं नेसली आणि विद्यापीठाच्या गेटकडे निघाली. "जेवढं दिलं तेवढ्यावर उभं ऱ्हायचं," मला म्हणाली, "आन् उरलेलं मागायचं." त्या गर्दीत मी तिच्या मागे होते. बाया गेटच्या खांबाला हात लावून रडत होत्या. आई रडली नाही. तिने वर लिहिलेलं नवं नाव मला दोनदा वाचायला लावलं.

बस सुरू झाल्या, कंपनी उघडली. जेवणाच्या सुट्टीत मैत्रीण डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "राग नको मानू. पर नुसत्या नावानं काय व्हनार हाय? इतकी घरं जळली, मानसं मेली, एका नावापायी. माझा मामा तर रोज हेच म्हनतो." तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. खरंच तिला कळत नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडला. भांडून मी पुष्कळ पाहिलं होतं.

मेकॅनिक आला तेव्हा मी त्याला विचारलं, खेळातले शब्द बदलता येतात का. तो म्हणाला, बदलता येतात, पण जुन्या शब्दाच्या जागेत मावेल असाच शब्द घालायचा, नाहीतर खेळ बिघडतो. त्याने एक प्रोग्राम लावून दिला. फ्लॉपीच्या पोटातले आकडे आणि अक्षरं पडद्यावर सांडली. मी म्यूटंट हा शब्द शोधला आणि जिथे जिथे होता तिथे तिथे पुसून त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत मावशी असं लिहिलं. अगदी बरोबर मावलं.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "तू नवा डाव मांड, मी बघते." ती रंगात आली. राख तुडवत, बंदुका गोळा करत वेशीपाशी पोहोचली. वाक्य उमटलं. वेशीबाहेर मावशी बसली आहे. मावशीला आत घेत नाहीत. गोळी घाला, नाहीतर माघारी फिरा.

तिचं बोट बटणावर होतं. ते तिथेच राहिलं.

"तू केलं हे."

"हो."

"पयल्यासारखं कर."

"नाही करणार. ठिपकेच आहेत की. घाल गोळी."

तिने माघारी फिरायचं बटण दाबलं, परत वेशीकडे आली, परत तेच वाक्य, परत माघारी. मग पहारेकऱ्याशी बोलायचा प्रयत्न केला, तटाच्या कडेने सगळा फेरा मारला, प्रत्येक दगडाला धडकून पाहिलं. मी पूर्वी जे जे करून पाहिलं होतं ते सगळं तिने केलं.

"ह्यांना आत न्यायचा रस्ताच नाय का ठेवला?"

"नाही."

"मंग कसला हा मोकळा खेळ?" तिचा आवाज चिरका झाला. "एवढं जग बनवलं आन् एवढं सुचंना त्याला?"

भोंगा झाला. तिने फ्लॉपी बाहेर काढली, माझ्या हातात ठेवली आणि दुपारभर माझ्याशी बोलली नाही. माघार घ्यायची माझी तयारी नव्हती, तिची मैत्री गेली असती तरी नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ती येणार नाही एवढंच मी आईला सांगितलं होतं, म्हणून तिने दोघींपुरतीच आमटी केली. दुपारी दार वाजलं. ती होती. हातात पिशवी नव्हती. तोंड सुजलेलं, रडून आलेली दिसत होती.

"मामाला सांगून आले," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "मावशीकडं जेवायला चाललेय म्हनून."

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, "मंग बाहेर का उभी? ये आत. आमटीत पानी वाढवते."