शिट्टी फुंकणारा माणूस

आमच्या ह्यांचं काम आग विझवायचे लाल सिलिंडर भरून देण्याचं, म्हणून घरात आगीची तालीम. रविवारी जरा पाठ टेकावी, तर हे फाटकापाशी उभे राहून शिट्टी फुंकणार. मग मी गॅस बंद करायचा आणि लेकीनं सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणायचं. नुसता वैताग! सासूबाई तर मुद्दाम चपला शोधत बसायच्या.

परवा मीटरमधून खरंच धूर निघाला. शिट्टी वाजली नाही, तरी हातपाय आपोआप चालले. सासूबाई अनवाणीच बाहेर आल्या. आम्ही तिघी फाटकापाशी एकमेकींची तोंडं बघत उभ्या. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळेना.

"अगं, ह्याला बाहेर आणायचं कुणाकडे होतं?" सासूबाईंनी विचारलं.

मी आत धावले. हे घरातल्या लाल सिलिंडरशेजारीच, शिट्टी हातात धरून गोंधळून उभे! म्हणतात कसे, "मी काय करायचं असतं गं?"

कॉलर धरून ओढतच बाहेर काढलं. थोडक्यात निभावलं.

आता रविवारी शिट्टी सासूबाई फुंकतात, आणि हे आत चपला शोधत बसतात.