गेटवरचा गुलमोहर आणि दोन मशिनं

आमच्या सोसायटीचे चेअरमन गेले त्याच सकाळी गेटवर गुलमोहर आडवा झाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. झाड आतून पोखरलेलं होतं आणि साहेब नव्वदीला टेकले होते. पण बाळकुमच्या आमच्या तीन विंगांनी दहा वाजेपर्यंत संबंध लावून टाकला होता.

मी सोसायटीची सेक्रेटरी. नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून ही माळ माझ्या गळ्यात पडली. चेअरमनसाहेब माणूस सरळ, पण आवाजाचे वैरी. कुणाकडे ड्रिल सुरू झालं की पाचव्या मिनिटाला त्यांचा इंटरकॉम. सकाळी आठच्या आत मिक्सर लावू नये, अशी नोटीस त्यांनी माझ्या सहीने लावली. तेव्हापासून बी विंगमधल्या बायका मला पाठीमागे 'पाटा-वरवंटा' म्हणतात.

बॅटरीवरची चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, मी घेतली तीही त्यांच्यामुळेच. माळी फांद्या छाटायला पेट्रोलचं मशीन आणायचा, साहेब त्याला हाकलून द्यायचे आणि फांद्या लोकांच्या खिडक्यांत शिरायच्या. शेवटी मीच हे छोटं मशीन आणलं आणि शिकले. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. साहेबांनी खाली येऊन ऐकलं आणि म्हणाले, "हे सुसंस्कृत आहे." त्यांच्या तोंडून सोसायटीतल्या कुणाहीबद्दल हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

माझा मोठा भाऊ कल्याणला असतो. जन्म लाकडाच्या वखारीत गेला. त्याचं पेट्रोलचं मशीन त्याला बायकोइतकंच प्रिय, आणि वहिनीला तर वाटतं थोडं जास्तच. माझं मशीन त्याने हातात घेऊन वजन केलं. "छान आहे," म्हणाला. "केक कापायला."

तर त्या सकाळी शववाहिनी बारा वाजता येणार होती आणि गेट एकच. फायर ब्रिगेडला फोन केला. रात्रीच्या वाऱ्याने अख्ख्या ठाण्यात झाडं पडलेली. "संध्याकाळपर्यंत बघतो मॅडम." उभं झाड असतं तर परवानगी लागली असती, पडलेलं झाड बाजूला करायला त्यांची हरकत नव्हती. आमच्या खजिनदारांनी सुचवलं की तिरडी खोडावरून पलीकडे द्यावी. साहेबांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबांना या वयात उड्या नकोत."

मग मी नवऱ्याची जुनी जीन्स चढवली, स्कूटरचं हेल्मेट घातलं आणि सुरुवात केली. बारीक फांद्या भेंडी चिरावी तशा पडल्या. वर पहिल्या मजल्यावर साहेबांच्या घरी गीतेचा अध्याय चालला होता, तो मला कापता कापता ऐकू येत होता. पहिली बॅटरी संपली, दुसरी लावली. आता उरलं खोड, तांदळाच्या गोणीएवढं जाड. अर्ध्यात गेले आणि लाकूड खाली बसलं. मशीनची पट्टी त्यात अशी अडकली की पुढेही जाईना, मागेही येईना. भोवती समिती सदस्य जमले. हात कुणीच लावला नाही, सल्ला प्रत्येकाने दिला.

मी कल्याणला फोन लावला. "दादा, ये. तुझं मशीन घेऊन ये."

त्याने मुद्दाम विचारलं, "कुठलं?"

"तुला ऐकायचंच आहे ना? पेट्रोलचं."

भिवंडी, कशेळी करत तो रिक्षाने आला. मशीन गोणपाटात गुंडाळून मांडीवर. पेट्रोलच्या वासाने रिक्षावाला वैतागला होता. दादाने आधी माझी पट्टी पाहिली, एक पाचर ठोकली आणि ती अलगद सोडवली. मग त्याने स्वतःच्या मशीनची दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. चोक मागेपुढे केला. घाम निथळायला लागला. खजिनदारांनी विचारलं, "बॅटरी उतरली असेल का?" दादाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले.

आणि मग ते सुरू झालं. निळा धूर, गेटचे गज थरथरताहेत, पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे अलार्म सुरू. वरचा अध्याय बंद पडला. साहेबांच्या पत्नी गॅलरीत आल्या. मी हातवारे करून दादाला थांबवलं. सगळीकडे शांत झालं.

"काकू, माफ करा," मी म्हटलं. "दहाच मिनिटं. दुसरा इलाज नाही."

त्यांनी आधी खोडाकडे पाहिलं, मग त्या मशीनकडे. "चालू दे गं," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं मी घरात ताटसुद्धा हळू ठेवलंय." आणि आत गेल्या.

मी दहा मिनिटं म्हटली होती, दादाला सातच लागली. खोडाचे तीन तुकडे झाले, ते लोटायला मात्र सगळे पुढे आले. शववाहिनी वेळेवर आत आली आणि साहेब वेळेवर निघाले. उशीर त्यांना कधी चालत नसे.

नंतर मी दादाला बाकावर चहा दिला. त्याने कप बोटांनी धरलाच नाही, दोन्ही तळव्यांत धरला. बोटं पांढरी पडली होती, मेणासारखी. बाहेर चांगलं उकडत होतं.

"कधीपासून?"

"आहे. मशीनच्या हादऱ्यांनी होतं. वखारीत सगळ्यांनाच होतं."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"सोडा म्हणतो. वखार सोडली. आता अजून काय काय सोडू?"

त्या मशीनच्या आवाजावरून, धुरावरून मी आयुष्यभर त्याची टर उडवली होती. त्याच्या हातांकडे कधी बघितलं नव्हतं. मी त्याची बोटं चोळत बसले. लहानपणी जत्रेत हात धरला असेल, त्यानंतर हेच. तो अवघडून समोरच्या स्कूटर मोजल्यासारखं करत होता.

तो निघाला तेव्हा मी गोणपाटात माझं मशीन घातलं, चार्जर आणि दोन्ही बॅटऱ्याही.

"याने मोठं लाकूड होत नाही," तो म्हणाला.

"तुला मोठं लाकूड कापायला सांगतंय कोण?"

त्याने आपल्या मशीनकडे एकदा पाहिलं. पण गोणपाट घेतलं. त्याचं मशीन आमच्या कपडे वाळत घालायच्या ड्राय बाल्कनीत राहिलं आणि पुढचे कित्येक दिवस नवऱ्याच्या शर्टांना पेट्रोल पंपाचा वास येत होता.

आठवड्याने दादाचा फोन आला. मागच्या दारातला शेवगा छाटला होता.

"अर्धं झाड उतरवलं मी," तो म्हणाला, "तर तुझी वहिनी आतून विचारते, सुरू कधी करणार."

"आणि बोटं?"

"बरी आहेत." मग पुन्हा, "खरंच बरी आहेत." आणि तो शेवग्याच्या शेंगा यंदा कशा कडू निघाल्या, ते सांगायला लागला.