पठारावर नेणारी चढण

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत राहणाऱ्या शरदिनी पावगी एकतीस वर्षं सरकारी लसीकरणात होत्या. लसीची पेटी जीपमध्ये ठेवायची, चकियाच्या पुढे नौगढच्या डोंगरात शिरायचं आणि पेटीतलं बर्फ वितळायच्या आत वस्त्यांवरच्या पोरांना सुई टोचून परतायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.

त्यांची भाची रुचा एका पर्यटन कंपनीत होती. खडतर रानातून गाड्या चालवण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याच डोंगरात व्हायची होती आणि मार्ग शोधायला नॉर्वेहून इंग्रिड नावाची बाई आली होती. पण डोंगरमाथ्यावरच्या पठारावर चढायला वाटच सापडेना. दोनदा गाडी फसली. इंग्रिडच्या हातात चार दिवस उरले, तेव्हा रुचा आत्याकडे आली.

"आत्या, तू चल ना. तुला तिथले सगळे रस्ते ठाऊक आहेत."

"रस्ते कुठले गं तिथे," शरदिनीबाई म्हणाल्या, पण कॅनव्हासचे बूट शोधायला उठल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी सरळ कोरड्या नाल्यात घालायला लावली. रानवाटेची माती घसरते, नाल्याच्या तळाला सपाट खडक आहे, तिथे चाक धरतं, हे त्यांनी रुचाकरवी समजावलं. इंग्रिडला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. तरी दीड किलोमीटर गाडी झकास गेली. मग एका वळणावर खोलीएवढी शिळा आडवी पडलेली दिसली. शरदिनीबाईंच्या वेळी ती वर कड्यावर होती.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. रुचाही परत फिरू या म्हणाली. शरदिनीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणीला इथवर आणलं ते हे दाखवायला?

त्या खाली उतरल्या. पूर्वी भर पावसात नाला दुथडी भरला की जीप काठावरच्या रानवाटेने कशीबशी याच वळणापर्यंत येऊन थांबायची आणि वरच्या वस्त्यांवरच्या बायका पोरांना कडेवर घेऊन खाली यायच्या. पाणी उसळत असताना त्यांनी नाल्यातून येणं शक्यच नव्हतं. मग यायच्या कुठून?

काठीने झुडपं सारत त्या डावीकडे शिरल्या. दहा मिनिटांनी त्यांची हाक आली. करवंदीच्या जाळीमागे दगडात खोदलेला उतार होता, बैलगाडीच्या चाकोऱ्यांसकट. कधीकाळी पाथरवटांनी तिथून दगड उतरवले असणार. इंग्रिडने टेप लावला. गाडीपेक्षा दोन वीत रुंद.

जाळी तोडून झाल्यावर शरदिनीबाई हाताने खुणा करत पुढे चालल्या आणि गाडी मागून चढू लागली. दोनदा चाक हवेत फिरलं, दोनदा खडकावर टेकलं. मग एकदम मोकळं आभाळ, गवत आणि वारा.

इंग्रिडने त्यांचे दोन्ही हात धरले आणि भरभर काहीतरी बोलली.

"ती म्हणते, अख्ख्या स्पर्धेत याच्या तोडीचा टप्पा नाही," रुचाने सांगितलं.

"तिला सांग, इथे गाडी चढलेली मीही आजच पाहतेय," शरदिनीबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, पण हसू आवरत नव्हतं.

फेब्रुवारीत बेचाळीस गाड्या आल्या, छत्तीस वर चढल्या. खाली वळणावर जमलेल्या गर्दीत लेकीला खांद्यावर घेतलेला एक उंच माणूस शेजारच्यांना सांगत होता, "यही हैं सुईवाली दीदी." पंचांचं नारिंगी जाकीट घालून शरदिनीबाई चढणीच्या तोंडाशी उभ्या होत्या, आणि दर गाडीला हिरवा झेंडा त्याच दाखवत होत्या.