मामांची गोपनीयता

माझ्या बायकोच्या मामांच्या पोटात जेवणाशिवाय दुसरं काही टिकत नाही, हे अख्ख्या दोह्याला माहीत होतं. तिथल्या बिन महमूद भागात त्यांचा घरगुती डब्यांचा धंदा. कोणाला साखर, कोणाला पित्त, कोणाची बायको रुसून माहेरी गेलीय, सगळं मामांना पाठ आणि डबे पोचवणाऱ्यांच्या ग्रुपवर जाहीर! डब्याच्या झाकणावर तर चक्क लिहिलेलं असे: ‘कुलकर्णी, मूळव्याध, तिखट नको.’ बिचारे कुलकर्णी ऑफिसात झाकणावर हात ठेवून जेवायचे.

मग गिऱ्हाइकांच्या माहितीचा कायदा कडक होतोय असं कोणीतरी सांगितलं आणि मामांची झोप उडाली. मुळात एका जागी न बसणारा माणूस, आता जेवतानाही उभा. झाकणांवरची नावं पुसून नंबर आले, ग्रुप बंद झाला, सोडून गेलेल्यांची माहिती खोडली गेली. उरलेल्या प्रत्येकाला मामांचा फोन, “तुमचं दुखणं आम्ही लक्षात ठेवलं तर चालेल ना?” पहिल्याच दिवशी नंबरांचा घोळ झाला आणि कुलकर्ण्यांना झणझणीत रस्सा गेला. मामी कडाडल्या, “अहो, कायदा पाळताना माणूस माराल!”

“होईल सवय, इन्शाल्ला,” म्हणत मामा पुन्हा फेऱ्या मारायला लागले.

त्याच सुमारास माझी नोकरी गेली. रत्नागिरीला बायकोला सांगायची छाती होईना. दुपारचा डबा ऑफिसऐवजी नजमा भागातल्या माझ्या खोलीवर पाठवा, एवढंच मी मामांना म्हणालो आणि जीभ चावली. खलास! मामांना कळलं म्हणजे भाचीला कळलंच. तिचा फोन आला की मी घाईत चार शब्द बोलून ठेवून द्यायचो. पण ती त्याबद्दल अवाक्षर काढेना.

एका दुपारी मामा स्वतःच डबा घेऊन आले. बसा म्हटलं तर बसेनात. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाचीचाच.

“मामा, हे हल्ली नीट बोलत नाहीत रे. सगळं ठीक आहे ना? जेवतात ना?”

मामांना दरदरून घाम फुटला. फोनवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, “जावई, परवानगी आहे?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“गिऱ्हाइकाची माहिती देता येत नाही गं, बाळ. कायदा आहे. तूच विचार त्यांना. यल्ला, चल, आत्ता विचार.” मामांनी फोन ठेवला.

“मामा, भाचीपुढे कसला हो कायदा?”

“कायदा गेला खड्ड्यात. पण हे तिला माझ्याकडून कळायला नको.”

लगेच माझा फोन वाजला. मामा चपला न घालताच बाहेर गेले. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही की चिडली नाही. एवढंच म्हणाली, “जेवलात का?”

मी नाही म्हणालो आणि मलाच रडू फुटलं. दाराबाहेर मामांच्या येरझाऱ्या थांबल्या होत्या.